चित्रफितीतील आवाज जपताना : ध्वनीचे कोणते स्वरूप निवडावे?

नोव्हेंबर हा मृत श्रद्धावंतांच्या स्मरणाचा महिना. २ नोव्हेंबरच्या मिस्सानंतर कबरीवर मेणबत्ती लावून घरी परतलेली कुटुंबे या दिवसांत जुन्या फोटोंचे आल्बम काढतात, लग्नाच्या आणि प्रथम कम्युनियनच्या चित्रफिती पुन्हा एकदा पाहतात. अशाच एका नोव्हेंबरात वसईतील आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब माझ्याकडे आले. १९९४ साली त्यांच्या घरी झालेल्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट त्यांनी एका दुकानात देऊन संगणकावर उतरवून घेतली होती. त्यात अकरा मिनिटांचे एक दृश्य होते. मांडवात आजी आणि तिच्या दोघी जावा सामवेदी बोलीतील लग्नाची गाणी म्हणत आहेत. आजी २००९ साली देवाघरी गेली. पुढे नातवाने ती चित्रफीत परदेशातील नातेवाइकांना पाठवता यावी म्हणून लहान केली. मूळ फाइल फार जागा अडवते म्हणून पुसून टाकली. कॅसेट तर दुकानातून परत आणायचीच राहून गेली.

चित्र चांगले दिसत होते. आजीचे तांबडे लुगडे, मांडवाच्या झालरी, मागे धावणारी मुले, सारे ओळखू येत होते. आवाज मात्र पाण्याखालून यावा तसा येत होता. सूर लागत होता, पण शब्द कळत नव्हते. ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांच्या जागी नुसता खळखळाट ऐकू येई. “फादर, हे पुन्हा नीट करता येईल का?” असे त्या नातवाने विचारले. करता येणार नाही, असे मला सांगावे लागले.

त्याने काही मोठा अपराध केला नव्हता. चित्रफीत एक्सपोर्ट करताना संगणकाच्या पडद्यावर जी चौकट उघडते, तिच्यात चित्राचा आकार किती ठेवावा हे त्याने नीट पाहिले आणि आवाजाचा रकाना होता तसाच सोडून दिला. आपल्यापैकी बहुतेक जण तसेच करतात. त्या दुर्लक्षित रकान्यात काय असते आणि तेथे काय निवडावे, याविषयी प्रस्तुत लेखात लिहीत आहे. मी तंत्रज्ञ नाही. परंतु धर्मग्रामातील सोहळ्यांच्या आणि मुलाखतींच्या चित्रफिती हाताळता हाताळता जे शिकावे लागले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

पेटी आणि पेटीतील वस्तू

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. “आमची चित्रफीत एमपी४ मध्ये आहे” असे आपण म्हणतो, तेव्हा आपण केवळ पेटीचे नाव सांगत असतो. एमपी४, एमओव्ही, एव्हीआय, एमकेव्ही या साऱ्या पेट्या आहेत. पेटीच्या आत चित्र वेगळे आणि ध्वनी वेगळा बांधून ठेवलेला असतो. दोहोंना बांधण्याची पद्धत निरनिराळी असते आणि त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. म्हणून एकाच नावाच्या दोन एमपी४ फाइलींपैकी एकीतील आवाज स्वच्छ आणि दुसरीतील निकृष्ट असू शकतो. पेटीवरून आतल्या मालाची प्रत ठरत नाही.

ध्वनी बांधण्याच्या पद्धती मुळात तीन प्रकारच्या आहेत. त्या समजण्यासाठी आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली प्रथम छापले गेले. ते रोमन लिपीत होते. त्या छपाईची प्रत आज उपलब्ध नाही. हाताने उतरवलेल्या पोथ्यांतून ते पुराण आपल्यापर्यंत आले. त्यांतील काही पोथ्या रोमन लिपीतील आहेत, तर लंडन येथे जतन केलेली एक पोथी देवनागरीतील आहे. आता कल्पना करा. एका लेखनिकाने पोथी अक्षरशः जशीच्या तशी, मोकळ्या अक्षरांत उतरवली. दुसऱ्याने तीच ओवी, तेच शब्द ठेवले, पण बारीक अक्षरात, कमी पानांत बसवले. भिंग घेऊन वाचले तर एकही शब्द गळालेला नाही. तिसऱ्याने मात्र संक्षेप केला. जे शब्द नसले तरी अर्थ कळेल असे त्याला वाटले, ते त्याने गाळले. संक्षेप चांगला असेल तर वाचणाऱ्याला फरक जाणवत नाही. परंतु संक्षेपावरून मूळ पोथी पुन्हा तयार करता येत नाही.

पहिल्या लेखनिकाची पद्धत म्हणजे पीसीएम. डब्ल्यूएव्ही नावाच्या फाइलीत बहुधा हाच ध्वनी असतो. येथे काहीही गाळलेले नसते, काही दाबलेलेही नसते. दुसऱ्याची पद्धत म्हणजे फ्लॅक, किंवा ॲपलच्या यंत्रांवरील एएलएसी. येथे ध्वनी दाबून लहान केलेला असतो, पण उलगडल्यावर मूळ ध्वनी जसाच्या तसा मिळतो. तिसऱ्याची पद्धत म्हणजे एमपी३, एएसी, डीव्हीडीवरील एसी-३ आणि अलीकडचे ओपस. या साऱ्यांत ध्वनीचा काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो.

काय टाकले जाते?

टाकण्याचे हे काम आंधळेपणाने होत नाही, हे मान्य केले पाहिजे. देवळाची घंटा वाजत असताना शेजारी कोणी कुजबुजले तर ते आपल्याला ऐकू येत नाही. मोठा ध्वनी आपल्या जवळच्या लहान ध्वनीला झाकून टाकतो. मानवी कानाच्या या मर्यादेचा अभ्यास करून, जे झाकले जाणार आहे ते मुळातच साठवायचे नाही, या तत्त्वावर एमपी३ उभारले गेले. १९९३ साली त्याचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. एएसी हे त्यानंतरचे, १९९७ सालचे मानक. तेच तत्त्व अधिक कौशल्याने वापरणारे. एवढ्याच जागेत ते एमपी३पेक्षा सहसा चांगला ध्वनी देते.

एमपी३च्या इतिहासातील एक हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. जर्मनीतील कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग हे त्याच्या प्रमुख निर्मात्यांपैकी एक. आपली पद्धत तपासण्यासाठी त्यांनी सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे गीत वापरले. त्यात कोणतेही वाद्य नाही, एकटीचाच आवाज आहे. वाद्यवृंदाचे संगीत बऱ्यापैकी निभावून नेणाऱ्या त्यांच्या पद्धतीने हा एकटा आवाज मात्र विद्रूप केला, आणि पद्धतीत पुष्कळ सुधारणा केल्यानंतरच तो नीट ऐकू येऊ लागला. याचे कारण उघड आहे. बँडच्या गजरात गाळलेले पुष्कळसे झाकले जाते. एकट्या माणसाच्या आवाजात झाकायला दुसरे काहीच नसते. आणि आपल्या घरच्या चित्रफितींत जे मोलाचे असते, ते बहुधा असेच असते: आजीचे गाणे, वडिलांचे चार शब्द, लहान मुलाची पहिली प्रार्थना.

जागा फारच कमी दिली, म्हणजे झाकले न जाणारेही टाकणे भाग पडते. तेव्हा सर्वांत आधी बळी जातो तो उंच पट्टीतील ध्वनी. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘छ’, ‘फ’ या व्यंजनांची ओळख बरीचशी त्या पट्टीत असते. जुन्या दूरध्वनीवर ‘स’ आणि ‘फ’ यांचा घोटाळा होई, त्याचेही कारण हेच. त्या तारेतून सुमारे ३४०० हर्ट्झच्या वरचा ध्वनी जातच नसे. दुसरा दोष टाळ्या, ताशा, घुमट यांच्या बाबतीत दिसतो. थाप पडण्यापूर्वीच तिची एक पुसट सावली ऐकू येते आणि थापेची धार जाते. देवळात घुमणारा आवाज, सर्व भाविकांनी मिळून म्हटलेले गीत, यांचे पाण्याच्या खळखळीत रूपांतर होते ते तिसरे.

बोलीभाषेच्या बाबतीत हे नुकसान दुप्पट होते. प्रमाण मराठीतील वाक्यात एखादे व्यंजन पुसट झाले तर आपण ते अंदाजाने भरून काढतो. सामवेदी किंवा वाडवळी बोलीतील जुने गाणे, ज्याचे शब्द लिहिलेले कोठेच नाहीत आणि ज्यातील निम्मे शब्द आजच्या तरुणांच्या कानावरून कधी गेलेले नाहीत, तेथे अंदाज कशाच्या आधारे करायचा?

त्या रकान्यातील आकडे

एक्सपोर्टच्या चौकटीत आवाजाविषयी साधारणपणे चार गोष्टी विचारलेल्या असतात: कोडेक, बिटरेट, सॅम्पल रेट आणि चॅनेल.

बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या ध्वनीसाठी किती जागा द्यायची, याचे माप. एएसी निवडले असेल आणि ध्वनी दोन चॅनेलचा असेल, तर १२८ किलोबिट ही मी किमान मर्यादा मानतो. १९२ किलोबिटला बहुतेकांना मुळातील फरक ओळखता येत नाही. २५६ दिले तर मन निश्चिंत राहते. ६४ किंवा त्याहून कमी आकडा दिसला तर तेथे हात आवरावा. काही कार्यक्रमांत एचई-एएसी असाही पर्याय असतो. तो अगदी कमी जागेसाठी केलेला आहे. उंच पट्टीतील ध्वनी तो प्रत्यक्ष साठवत नाही, खालच्या पट्टीवरून अंदाजाने पुन्हा तयार करतो. इंटरनेटवरील रेडिओसाठी ते ठीक आहे. आजीच्या आवाजाचा वरचा भाग संगणकाने आपल्या मनाने रचावा, हे मला तरी पटत नाही.

आता जागेचा हिशोब पाहू, कारण सारे दुर्लक्ष जागा वाचवण्याच्या नावाखाली होते. चित्रासाठी सेकंदाला १० मेगाबिट दिले, तर एका तासाचे चित्र ४.५ गिगाबाइट होते. त्याच तासाचा ध्वनी २५६ किलोबिटच्या एएसीत सुमारे ११५ मेगाबाइट होतो आणि ६४ किलोबिटमध्ये सुमारे २९ मेगाबाइट. म्हणजे आवाजाची पार वाट लावून आपण वाचवले किती? ८६ मेगाबाइट. पूर्ण फाइलीच्या शंभरात दोन भागही नाहीत. फाइल लहान करायचीच असेल तर चित्राचा आकार थोडा कमी करावा. १९९४ च्या व्हीएचएस कॅसेटीचे चित्र मोठ्या आकारात साठवून तसाही काही लाभ नाही. आवाजात काटकसर करणे म्हणजे लग्नाच्या खर्चातून मीठ वाचवण्यासारखे आहे.

काहीही न गाळलेला पीसीएम ध्वनीसुद्धा आपण समजतो तेवढा अवजड नसतो. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल या मापाने तासाला सुमारे ६९१ मेगाबाइट लागतात. पूर्वी हा आकडा मोठा वाटे. आज सर्वसाधारण पेनड्राइव्हवरही तो सहज मावतो.

सॅम्पल रेट म्हणजे एका सेकंदात ध्वनीची किती वेळा नोंद घेतली, त्याचा आकडा. माणसाला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो आणि नोंदी त्याच्या दुपटीहून अधिक वेळा घ्याव्या लागतात. गाण्यांच्या सीडीवर हा आकडा ४४.१ किलोहर्ट्झ आहे, तर चित्रफितींच्या जगात, डीव्हीडीसह, ४८ ची रीत आहे. चित्रफितीसाठी ४८ निवडावे. ९६ निवडल्याने जुन्या कॅसेटीचा आवाज सुधारत नाही. आपल्यापैकी काहींकडे २००० नंतरच्या दशकातील मिनीडीव्ही कॅमेऱ्याच्या लहान कॅसेटी असतील. त्या कॅमेऱ्यांत १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ आणि १२ बिट, ३२ किलोहर्ट्झ अशा दोन पद्धती होत्या. दुसऱ्या पद्धतीने चित्रण झालेले असेल तरी एक्सपोर्ट करताना ४८ च ठेवावे.

चॅनेलच्या बाबतीत एवढेच पाहावे की, जुन्या कॅसेटीवरून उतरवलेला आवाज अनेकदा फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या बाजूला असतो. तो दोन्ही बाजूंना सारखा करून घ्यावा. पाच-सहा चॅनेलच्या पर्यायाकडे घरगुती चित्रफितीसाठी पाहण्याचे कारण नाही.

मग निवडावे तरी काय?

माझा अनुभव असा की, “कोणते स्वरूप चांगले?” हा प्रश्नच थोडा चुकतो. प्रत कशासाठी काढायची आहे, हे आधी ठरवले पाहिजे. जपून ठेवण्याची प्रत वेगळी आणि वाटण्याची वेगळी. त्या नातवाने वाटण्याची प्रत काढली आणि तीच जपण्याची प्रत होऊन बसली.

वाटण्याच्या प्रतीविषयी फार बोलण्यासारखे नाही. एमपी४ पेटी, आत एएसी ध्वनी, १९२ ते २५६ किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ. फोन, संगणक, टीव्ही, देवळाच्या सभागृहातील प्रोजेक्टर, सर्वत्र ती चालते. एमपी३चे नाव आपल्या ओळखीचे आहे आणि त्याच्या एकस्वांचा परवाना-कार्यक्रमही २०१७ साली संपला. नुसत्या ध्वनीच्या फाइलीसाठी ते आजही ठीक आहे. पण एमपी४ पेटीत एमपी३ घातले की काही यंत्रे चित्र दाखवतात आणि मुकी राहतात. ओपस हे २०१२ सालचे मानक गुणाने उत्तम आहे, व्हॉट्सअ‍ॅपचे आवाजी निरोप त्यातच असतात, परंतु घरातील जुना टीव्ही ते ओळखेलच याची खात्री नाही. डीव्हीडी तयार करायची असेल तर मात्र एएसी चालत नाही. तेथे एसी-३ किंवा पीसीएम लागते.

व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्रफीत नेहमीच्या रीतीने पाठवली की ती वाटेत पुन्हा दाबली जाते, आवाजासकट. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते. ही लहानशी सवय लावून घेतली तर पुष्कळ नुकसान टळेल.

जपण्याच्या प्रतीचा विचार सावकाश करावा. चित्रफीत मुळात कोठून आली, यावर तो अवलंबून आहे. फोनवर केलेल्या चित्रणात ध्वनी बहुधा आधीच एएसीत असतो. म्हणजे संक्षेप फोननेच केलेला आहे. अशा वेळी सर्वांत उत्तम प्रत म्हणजे फोनमधील मूळ फाइल, कोणताही बदल न करता संगणकावर उतरवलेली. ती पीसीएममध्ये बदलून घेतल्याने गाळलेले परत येत नाही, फाइल मात्र फुगते. मधला काही भाग कापायचा असेल तर ध्वनीला हात न लावता कापणारे कार्यक्रम मिळतात. लॉसलेसकट आणि एव्हिडेमक्स हे त्यांपैकी विनामूल्य आहेत. हँडब्रेकमध्ये चित्र लहान करतानाही ध्वनीच्या रकान्यात ‘पासथ्रू’ निवडले, तर मूळ ध्वनी तसाच पुढे जातो.

हे ‘तसाच पुढे जाणे’ महत्त्वाचे का, ते पुन्हा पोथीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. संक्षेपाचा संक्षेप, त्याचा पुन्हा संक्षेप, असे करत गेल्यावर काय उरेल? एएसीतील ध्वनी उलगडून पुन्हा एएसीत बांधला की प्रत्येक वेळी थोडे नवे गळते. एकदा केल्याने कळत नाही. परंतु फोनवरून संपादनाच्या कार्यक्रमात, तेथून व्हॉट्सअ‍ॅपवर, तेथून उतरवून दुसऱ्या नातेवाइकाच्या संपादनात, मग वाढदिवसाच्या ‘आठवणी’ नावाच्या नव्या चित्रफितीत, असा प्रवास झाला की चौथ्या-पाचव्या मुक्कामाला आवाज ओळखेनासा होतो.

कॅसेटीवरून प्रथमच उतरवून घ्यायचे असेल, तर ध्वनी पीसीएममध्येच घ्यावा. हा माझा आग्रह आहे. येथे संक्षेप अजून कोणी केलेला नाही. आपण पहिले लेखनिक आहोत. आणि मूळ आवाज आधीच अशक्त आहे. साध्या व्हीएचएसमध्ये ध्वनी फितीच्या कडेवरील एका अरुंद पट्टीत भरला जाई आणि आपल्याकडील पद्धतीत ती फीत सेकंदाला सुमारे २.३ सेंटिमीटर एवढ्याच गतीने सरके, म्हणजे गाण्याच्या साध्या कॅसेटीच्या जेमतेम निम्म्या गतीने. त्यामुळे खरखर मूळचीच. खरखरीचा आणखी एक उपद्रव असा की, दाबणाऱ्या कोडेकला खरखर आणि ‘स’ यांतील फरक नीट कळत नाही; दिलेली थोडीशी जागा तो खरखर साठवण्यात घालवतो आणि शब्द उपाशी राहतात.

पीसीएम ध्वनी एमओव्ही, एव्हीआय किंवा एमकेव्ही पेटीत ठेवावा. एमपी४ पेटीत तो अनेक यंत्रांना चालत नाही. जागा कमी असेल तर एमकेव्ही पेटीत फ्लॅक ठेवता येते. त्यात काही गळत नाही. तरीही काही संपादन-कार्यक्रम ते उघडत नाहीत म्हणून माझे मत पीसीएमच्याच बाजूने आहे. शिवाय केवळ ध्वनीची एक वेगळी डब्ल्यूएव्ही फाइल काढून ठेवावी. चित्राचे कोडेक दर काही वर्षांनी बदलतात. साधी डब्ल्यूएव्ही उघडता आली नाही, असे अजून माझ्या पाहण्यात नाही.

दुकानात कॅसेट देताना “डीव्हीडी करून द्या” किंवा “पेनड्राइव्हवर द्या” एवढेच न म्हणता, “आवाज पीसीएम, ४८ किलोहर्ट्झ, आणि कॅसेट परत” असे कागदावर लिहून द्यावे. दुकानदाराला ते कळते. “आवाज साफ करून देतो” असे तो म्हणाला तर नम्रपणे नकार द्यावा, किंवा साफ केलेली प्रत वेगळी आणि मूळ वेगळी मागून घ्यावी. खरखर काढणारे कार्यक्रम दिवसेंदिवस सुधारत आहेत. उद्या अधिक चांगले साधन येईल तेव्हा त्याला देण्यासाठी न धुतलेला आवाज आपल्या हाती असला पाहिजे. आवाज फार लहान असेल तर तो थोडा वाढवावा, पण मापकाचा काटा लाल रेघेपर्यंत नेऊ नये. तेथे ध्वनीचा माथाच कापला जातो.

कॅसेट टाकून देऊ नये, हे सांगायला नकोच. मात्र तिचे आयुष्य अमर्याद नाही. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत फितीला बुरशी लागते आणि बुरशी लागलेली कॅसेट तशीच यंत्रात घातली तर फीत व यंत्र दोन्ही बिघडतात. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. यंत्रेही आता नवी मिळत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबवले आणि त्याबरोबर तो व्यवसाय संपला. चालू स्थितीतील यंत्र ज्याच्याकडे आहे, असा माणूस धर्मग्रामात असेल तर त्याला गाठावे.

शेवटी एक सोपी परीक्षा सांगतो. पूर्ण चित्रफीत एक्सपोर्ट करण्यापूर्वी तिच्यातील एक मिनिट निवडावे: जेथे एकटाच माणूस बोलत किंवा गात आहे आणि शक्य तर टाळ्याही आहेत. तेवढेच एक्सपोर्ट करून, कानाला हेडफोन लावून, मूळ आणि नवे एकामागोमाग एक ऐकावे. फोनच्या लहानशा स्पीकरवर हा फरक कळत नाही. त्या नातवालाही तो फोनवर कळला नव्हता. ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू आले, टाळीची धार राहिली, तर पुढे जावे.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, ते वाचक विचारतील. त्या काळी लग्नाच्या चित्रीकरणाच्या बहुधा दोन कॅसेटी होत, एक वराकडे व एक वधूकडे. सुनेच्या माहेरी माळ्यावरील पेटाऱ्यात दुसरी सापडली. कडेला बुरशी होती, पहिली दहा मिनिटे गेलीच होती. मांडवातील गाणी मात्र होती. ध्वनी पीसीएममध्ये उतरवून घेतला. खरखर पुष्कळ आहे, पण शब्द आहेत. आजीच्या दोघी जावांपैकी धाकटी अजून हयात आहे. तिला हेडफोन लावून ती अकरा मिनिटे ऐकवली. चार गाण्यांपैकी तिसऱ्यातील एक ओळ तिलाही लागेना. चार वेळा ऐकल्यावर तिने ती म्हणून दाखवली. नातवाने चारही गाणी वहीत लिहून घेतली आहेत, आणि फाइलीच्या नावात लग्नाचे वर्ष, गाव, गाणाऱ्या तिघींची नावे व बोलीचे नाव घातले आहे.